सदरमधल्या एका इमारतीचा कार्बन हिशेब: मालकाने सही नेमकी कशावर करायची?

पार्श्वभूमी

नागपूरच्या सदर भागातली ही पाच मजली व्यापारी इमारत. तळमजल्यावर दुकानं आणि एका बँकेचं एटीएम, पहिल्या मजल्यावर कोचिंग क्लास आणि दातांचा दवाखाना. वरचे तिन्ही मजले एका कंपनीच्या कार्यालयाला भाड्याने दिलेले. ही कंपनी शेअर बाजारात नोंदलेल्या एका मोठ्या समूहातली. मालक सत्तरी ओलांडलेले. भाड्याचे करार, पावत्या, जीएसटी हे सगळं त्यांची सून बघते. ती स्वतः कॉमर्सची पदवीधर आहे. ओळख पटू नये म्हणून इथले आकडे गोल केले आहेत आणि काही तपशील बदलले आहेत. प्रसंगांचा क्रम मात्र घडला तसाच आहे. मी व्यवसायाने एनर्जी ऑडिटर. या कुटुंबाने मला बोलावलं तेव्हा फॉर्म भरून द्यायची मुदत जवळ आली होती.

तो फॉर्म कंपनीच्या मुख्य कार्यालयाकडून आला होता. त्यात वर्षभराची वीज, जनरेटरचं डिझेल, एसीत भरलेला गॅस, इमारतीचं क्षेत्रफळ आणि छतावरच्या सोलरची निर्मिती हे सगळं विचारलं होतं. खाली मालकाच्या सहीचं प्रतिज्ञापत्र: 'वरील माहिती पूर्ण व अचूक आहे.' काही रकाने कंपनीनेच आधी भरून पाठवले होते.

मालकांचा पहिला प्रश्न साधा होता. "हे महानगरपालिकेने मागितलं का जी? उद्या यावरून टॅक्स वाढवून राहिले तर?"

नागपुरात तसा नियम नाही. इमारतीतून किती कार्बन उत्सर्जन होतं याचा वार्षिक अहवाल मनपाला द्यायची सक्ती इथल्या मालकावर नाही. न्यूयॉर्कमध्ये ती आहे. तिथे २०१९ मध्ये झालेला 'लोकल लॉ ९७' हा कायदा साधारण २५,००० चौरस फुटांवरच्या इमारतींना लागतो. २०२४ पासून उत्सर्जनाची मर्यादा सुरू झाली, आणि मर्यादेबाहेरच्या दर टनाला वर्षाला २६८ डॉलर दंड. अहवालच वेळेत दिला नाही तर दर चौरस फुटाला दरमहा ५० सेंट, तो वेगळा. शिवाय अहवालावर नोंदणीकृत अभियंत्याची किंवा आर्किटेक्टची सही लागते. तिथे जबाबदारी कायद्याने मालकाच्या डोक्यावर आहे. आपल्याकडे ती वेगळ्या दाराने आली. सेबीने मे २०२१ मध्ये 'बीआरएसआर' नावाचा, म्हणजे कंपनीच्या सामाजिक आणि पर्यावरणीय जबाबदारीचा अहवाल आणला आणि बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० नोंदणीकृत कंपन्यांना तो २०२२-२३ पासून सक्तीचा केला. जुलै २०२३ मध्ये त्यातल्या मोजक्या महत्त्वाच्या आकड्यांचा 'बीआरएसआर कोअर' आला आणि त्यातले आकडे बाहेरच्या तपासनिसाकडून टप्प्याटप्प्याने पडताळून घेणं आलं. कंपनीला स्वतःच्या वापरातल्या विजेचा, डिझेलचा हिशेब द्यावाच लागतो. ती वापरते ती जागा, मीटर आणि जनरेटर मात्र मालकाचे. म्हणून पत्र सदरमध्ये येऊन पडलं.

थोडक्यात, मालकावर थेट कायदा नव्हता. भाडेकराराच्या एका कलमात 'भाडेकरूस कायदेशीर पूर्ततेसाठी लागणारी वाजवी माहिती मालक देईल' एवढं होतं. आणि पुढच्या वर्षी कराराचं नूतनीकरण. कलमापेक्षा या दुसऱ्या गोष्टीचं वजन जास्त होतं, हे घरातल्या सगळ्यांना न बोलता कळत होतं.

अडचण नेमकी कुठे होती

फॉर्म वरवर सोपा होता. बिलं काढा, युनिट मांडा, बेरीज करा. बसल्यावर एकेक गाठ दिसायला लागली.

इमारतीत विजेच्या तीन तऱ्हा होत्या. वरच्या तीन मजल्यांसाठी मालकाच्या नावाने घेतलेलं उच्चदाब कनेक्शन, त्याचं बिल कंपनी भरायची. लिफ्ट, पंप, जिने आणि पार्किंगसाठी मालकाचं कॉमन मीटर. दुकानं, क्लास, दवाखाना यांची महावितरणची आपापली स्वतंत्र मीटरं. फॉर्ममध्ये मात्र एकच रकाना: 'इमारतीचा एकूण वीजवापर'. न्यूयॉर्कच्या पद्धतीत संपूर्ण इमारतीचा हिशेब लागतो, कारण तिथे नियम इमारतीला आहे. इथे नियम कंपनीला होता. रकाना तयार करणाऱ्याने बहुधा परदेशातला नमुना उचलला होता. त्यात 'स्टीम' आणि 'हीटिंग ऑइल' हेही विचारलं होतं. मे महिन्यात नागपुरात बसून हीटिंग ऑइलचा रकाना भरायला घेणं ही करमणूकच.

तरी सुनेने दुकानदारांकडे बिलांच्या प्रती मागून पाहिल्या. कापड दुकानदाराने सरळ विचारलं, "आमच्या गाळ्याचं बिल तुम्हाला काऊन पाहिजे?" तिच्याकडे पटण्यासारखं उत्तर नव्हतं. माझ्या मते ते कुणाकडेच नव्हतं.

दुसरी अडचण जास्त गंभीर होती. कंपनीने आधी भरून पाठवलेल्या रकान्यांपैकी 'रेफ्रिजरंट गळती', म्हणजे एसीतल्या गॅसची गळती, यासमोर शून्य लिहिलं होतं. गच्चीवर एसीची मोठी बाह्ययंत्रं. ती मालकाची, पण देखभालीचं कंत्राट कंपनीने दिलेलं. उन्हाळ्यात गॅस भरून घेतल्याचं वॉचमनलासुद्धा आठवत होतं. त्या शून्याखाली सही मागितली होती मालकाची.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय मालकांना आवडलेला: उत्तरच द्यायचं नाही. सेबीचा नियम आपल्याला लागू नाही, मग कशाला? हे अगदीच चुकीचं नव्हतं. बीआरएसआर कोअरमध्ये पुरवठादारांच्या माहितीबद्दल जे आहे तेही, खरेदी-विक्रीत २ टक्के किंवा अधिक वाटा असलेल्या भागीदारांपुरतं. भाड्याचा वाटा तितका कुठून असणार! पण करारातलं कलम होतं, आणि उच्चदाब मीटर मालकाच्या नावावर होतं. कंपनीला स्वतःचा वीजवापर सांगायलाही मालकाच्या नावाची बिलं दाखवावी लागणार होती.

दुसरा पर्याय म्हणजे आहे तसं सही करून मोकळं व्हायचं. कंपनीच्या स्थानिक व्यवस्थापकाने हेच सुचवलं, तेही चांगल्या मनाने. "फॉर्मॅलिटी आहे काकाजी, वर कोणी बघत नाही." आता मात्र बघतात. तपासनीस मूळ बिल मागतो, आणि न जुळणाऱ्या आकड्याखाली कोणाची सही आहे हे आधी बघतो.

तिसरा, बाहेरच्या सल्लागार कंपनीकडून संपूर्ण इमारतीचं उत्सर्जन प्रमाणपत्र करून घ्यायचं. त्याचा खर्च मालकाने सोसायचा आणि तरी दुकानांची बिलं नसल्याने आकडा अंदाजाचाच राहणार. मी स्वतः याच्या विरोधात होतो. माझ्या धंद्याचं नुकसान झालं तरी चालेल, पण न मागितलेल्या प्रमाणपत्राला पैसे घालण्यात अर्थ नव्हता.

चौथा पर्याय सुनेने मांडला आणि तोच पुढे घेतला. आपल्याकडे जे मोजलं जातं, ज्याचा कागद आहे, तेवढंच द्यायचं. टनांत गणित कंपनीने करायचं. सही 'आमच्या नोंदींनुसार' या शब्दांसह, आणि प्रत्येक आकड्यापुढे तो कुठून आला ते लिहायचं.

काय केलं

सीमा आधी, आकडे नंतर. एका कागदावर पाचही मजले आखून प्रत्येक यंत्रापुढे दोन प्रश्न लिहिले: हे चालवतं कोण, आणि बिल भरतं कोण? उत्सर्जनाच्या हिशेबात मालकीपेक्षा चालवणारा कोण याला बहुतेक कंपन्या महत्त्व देतात. त्या न्यायाने वरच्या मजल्यांची वीज कंपनीच्या 'स्कोप २' मध्ये, म्हणजे विकत घेतलेल्या विजेमध्ये जाते. एसीची देखभाल कंपनी करते, तेव्हा गॅसची गळती तिच्या 'स्कोप १' मध्ये, म्हणजे थेट स्वतःच्या उत्सर्जनामध्ये. दुकानांचा आणि कंपनीचा काही संबंध नाही. कंपनीला हा कागद पाठवला आणि 'एकूण इमारत' हा रकाना आम्ही भरणार नाही, त्याचं कारण हे, असं लिहून कळवलं. दोन दिवसांत तिकडून होकार आला. मला वाटलं होतं यावर बरीच ओढाताण होईल. तिकडच्या मुलीलाही बहुधा दुकानांची बिलं नकोच होती.

केव्हीएएचची गोम. कंपनीने भरून पाठवलेला वार्षिक वीजवापर ४,८०,००० युनिट होता. बिलांशी जुळत होता, तरी चूक होता. महाराष्ट्रात उच्चदाब ग्राहकांची आकारणी १ एप्रिल २०२० पासून केव्हीएएचवर, म्हणजे ग्रिडमधून ओढलेल्या एकूण विजेवर होते, आणि बिलाच्या रकमेशेजारी दिसणारे युनिट तेच असतात. कार्बनच्या हिशेबाला लागतात ते केडब्ल्यूएच, म्हणजे प्रत्यक्ष कामी आलेली वीज. तेही त्याच बिलात, रीडिंगच्या तक्त्यात वेगळ्या ओळीत छापलेले असतात. या इमारतीचा पॉवर फॅक्टर, म्हणजे केडब्ल्यूएच भागिले केव्हीएएच, ०.९६ च्या आसपास, म्हणजे खरा वापर सुमारे ४,६०,८०० युनिट. फरक १९,२०० युनिटांचा. ग्रिडच्या विजेला दर युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरलं, तर कंपनी आपल्या माथी साडेतेरा टन फुकटचे मारून घेत होती. पॉवर फॅक्टर याहून वाईट असलेल्या इमारतीत हा फरक आणखी फुगेल. उच्चदाब कनेक्शन असलेल्या कोणाही मालकाने एवढी एक गोष्ट तरी आपल्या भाडेकरूला दाखवावी.

कोराडी की ग्रिड? दर युनिटला किती कार्बन धरायचा यावर मालकांनी बराच वेळ वाद घातला. नागपूरजवळ कोराडी आणि खापरखेडा इथे कोळशावरची वीज केंद्रं आहेत. "वीज तर कोराडी-खापरखेड्याची येऊन राहिली. धूर आम्ही खाऊन राहिलो. मग हिशेब कोराडीचाच धरा ना." भावनेला उत्तर नव्हतं. हिशेबाला होतं. ग्रिड देशभर एक आहे, सदरच्या तारेत कोणत्या चिमणीची वीज आली हे वेगळं काढता येत नाही. म्हणून केंद्रीय विद्युत प्राधिकरण देशासाठी जो सरासरी आकडा दरवर्षी काढतं तोच वापरतात. तो वर्षागणिक थोडा बदलतो, त्यामुळे कोणत्या वर्षाचा वापरला हे लिहायला हवं. हा गुणाकार आम्ही कंपनीवर सोडला.

डिझेल आणि संत्र्याची बाग. जनरेटरच्या डिझेलच्या पावत्यांची बेरीज आली १,९०० लिटर. जनरेटरच्या पॅनेलवरचं मीटर सांगत होतं की वर्षात सुमारे ४,५०० युनिट वीज तयार झाली. या आकाराचा जनरेटर लिटरमागे सव्वातीन-साडेतीन युनिट देतो, म्हणजे डिझेल चौदाशे लिटरच्या आत लागायला हवं. उरलेलं गेलं कुठे? ड्रायव्हरला विचारल्यावर तो हसला. काटोलजवळ मालकांची संत्र्याची बाग आहे. कॅन एकाच पंपावरून भरायचे आणि ट्रॅक्टरलाही त्यातूनच. पावत्या सगळ्या इमारतीच्या फाइलमध्ये.

इथे निर्णयाची जागा होती. पावती हा कागदी पुरावा, मीटरवरून काढलेला आकडा हा अंदाज. तपासनिसाला पहिला आवडतो. पण पहिला चुकीचा आहे हे आम्हाला माहीत होतं. लिटरला २.६८ किलो धरलं तर दोन्हींतला फरक जेमतेम सव्वा-दीड टनाचा. मीटरवरचा आकडा दिला, पद्धत लिहिली, आणि 'पावत्यांतील काही डिझेल शेतीसाठी वापरले' असं स्पष्ट नमूद केलं. मालकांना हे वाक्य नको होतं. इन्कम टॅक्सवाल्यांनी पाहिलं तर, ही त्यांची धास्ती. सुनेने त्यांना सांगितलं, "बाबा, शेतीचं डिझेल इमारतीच्या खर्चात दाखवणंच बंद करू. मग हे वाक्य पुढच्या वर्षी लागणारच नाही." ते तिथेच मिटलं.

गॅसचं शून्य. या सगळ्यात खरा मोठा आकडा कोणाच्याच नजरेत नव्हता. कंपनीच्या एसी कंत्राटदाराचं बिल मागवलं. त्यावर 'गॅस चार्जिंग – १ जॉब' आणि रक्कम. किलो नाहीत, गॅसचं नाव नाही. यंत्रावरच्या पट्टीवर आर-४१०ए असं होतं. हा गॅस हवेत गेला तर शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २,०८८ पट उष्णता धरतो. समजा वर्षात १२ किलो भरला. जितका भरला तितका आधी गळला असं मानतात, म्हणजे २५ टन. डिझेलचं सगळं उत्सर्जन त्याच्या सहाव्या-सातव्या हिश्श्याचं. केव्हीएएचच्या चुकीच्या जवळपास दुप्पट.

पण १२ किलो हा माझा उदाहरणाचा आकडा होता. खरा कोणालाच ठाऊक नव्हता. व्यवस्थापक म्हणाले, मग शून्यच राहू द्या, पुरावा नाही तर गळतीही नाही. सुनेने त्या रकान्यात लिहिलं: 'मालकाकडे नोंद नाही, देखभाल भाडेकरूकडे. यंत्रांत गॅस भरल्याचे बिल जोडले आहे.' शून्य आणि 'नोंद नाही' यात तपासनिसाच्या लेखी जमीन-अस्मानाचा फरक आहे. माझ्या मते संपूर्ण प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच, आणि तो मी सुचवलेला नव्हता.

कॉमन मीटरचं कोडं. लिफ्ट-पंपाच्या मीटरचा वापर क्षेत्रफळाच्या प्रमाणात कंपनीवर टाकायचा असं ठरलं होतं. आकडा बघून शंका आली. एवढ्या लिफ्टला इतके युनिट? वॉचमनला रात्री दहाला आणि सकाळी सहाला रीडिंग लिहून ठेवायला सांगितलं. लिफ्ट बंद, पंप बंद, तरी मीटर पळत होतं. तार धरून मागे गेल्यावर एटीएमच्या खोलीतले दोन एसी सापडले, चोवीस तास सुरू. जुन्या करारात वीज भाड्यातच धरलेली, आणि ते करार करणारे मालकांचे थोरले बंधू आता हयात नाहीत. एटीएमचा भार वजा केल्यावरच कंपनीचा वाटा काढला.

सोलर कोणाचं? छतावर २० किलोवॉटचं सोलर. नागपुरात किलोवॉटमागे दिवसाला सरासरी चार युनिट धरले, तर वर्षाला २९,००० युनिटांच्या आसपास. कंपनीला ते आपल्या अहवालात हवं होतं. पण ते जोडलेलं होतं कॉमन मीटरला, नेट मीटरिंगने, म्हणजे सोलरची वीज त्याच मीटरच्या बिलातून वजा व्हायची. वरच्या मजल्यांच्या तारेत त्याचा एक युनिटही जात नव्हता. निर्मितीचा आकडा माहिती म्हणून दिला आणि 'कॉमन वापरात आधीच वजा झालेला आहे, पुन्हा वजा करू नये' अशी टीप घातली. कंपनीला हे आवडलं नाही. एक फोन झाला, जरा तणतणही झाली. टीप राहिली.

निष्पत्ती

फॉर्म मुदतीत गेला. काही आठवड्यांनी तपासनिसाकडून प्रश्न आले, ते जवळपास सगळे गॅसच्या रकान्याबद्दल आणि कंपनीला उद्देशून. मालकाकडे फक्त उच्चदाब बिलांच्या प्रती मागितल्या. त्या तयार होत्या.

त्यानंतर कंपनीने एसी कंत्राटदाराकडून प्रत्येक वेळी गॅसचं नाव आणि किलो लिहिलेली पावती घ्यायला सुरुवात केली. एटीएमसाठी स्वतंत्र मीटर बसलं. बँकेने खळखळ केली नाही. कॉमन बिल इतकं उतरलं की माझी फी त्यातून केव्हाच वसूल झाली, असं मालक आता चारचौघांत सांगतात. उत्सर्जनाबद्दल ते अजूनही फारसं बोलत नाहीत.

घरपट्टी वाढली नाही. हे आकडे मनपाकडे गेलेच नव्हते.

वेगळं काय करता आलं असतं

सगळं काम वर्ष संपल्यावर झालं, हे मूळ दुखणं. मार्चअखेर जनरेटरच्या मीटरचा आणि कॉमन मीटरचा फोटो काढून ठेवला असता तर अर्धे अंदाज टळले असते. आता सून दर १ तारखेला चार फोटो काढते. कॉमन मीटरचं रीडिंग महावितरण महिन्याच्या मधल्याच कुठल्यातरी तारखेला घेतं, त्यामुळे आर्थिक वर्षाशी ते जुळवायला हेच फोटो लागतात.

क्षेत्रफळाचा प्रश्न आम्ही घाईत उरकला. करारात बिल्टअप होतं, कंपनीच्या जुन्या अहवालात कार्पेट. दर चौरस मीटरला किती वीज, हा आकडा यावर बराच हलतो. आम्ही दोन्ही देऊन निवड कंपनीवर टाकली. ते चुकलं असं नाही, पण पुढच्या वर्षी कंपनीने दुसरं क्षेत्रफळ धरलं तर कागदावर इमारत अचानक सुधारलेली किंवा बिघडलेली दिसेल. एकच ठरवून करारात लिहिणं बरं.

दुकानदारांकडे बिलं मागायला जायलाच नको होतं. सीमेचा कागद आधी केला असता तर ती फेरी आणि ती कुजबुज दोन्ही वाचली असती. कापड दुकानदार अजून विचारतो, तेव्हा काय चाललं होतं म्हणून.

राहता राहिलं नूतनीकरण. नव्या कराराच्या मसुद्यात सुनेने चार कलमं घातली आहेत: कोणती माहिती कोणत्या तारखेपर्यंत द्यायची, एसी गॅसची नोंद कोण ठेवणार, सोलर कोणाच्या हिशेबात, आणि बाहेरच्या पडताळणीचा खर्च कोणाचा. पहिली तीन कंपनीने मान्य केली आहेत. चौथ्यावर बोलणी अडली आहेत, कारण कंपनीला तो खर्च निम्मा-निम्मा हवा आहे आणि मालक म्हणतात, अहवाल तुमचा तर तपासणीही तुमची. सोलरच्या कलमातही एक फाटा आहे: कंपनीला खरोखर ती वीज हवी असेल तर छतावर आणखी जागा आहे, उच्चदाब मीटरला जोडून वेगळे पॅनेल लावता येतील. पैसे कोण घालणार हे ठरलं की त्याचं अंदाजपत्रक मागवायचं आहे.